अंगणातली सुरकुती

काकूंच्या अंगणात पाऊल टाकलं की माझी नजर आधी फाटकापासून चौथ्या पॅनलवर जाते. तिथे एक सुरकुती आहे. काँक्रीटला नाही, रंगाला. ओली चादर जमिनीवर फेकावी आणि ती पडेल तशीच वाळावी, तशा लांबट, फांद्या फुटलेल्या फिकट रेघा. हात फिरवला तर बोटाला काही लागत नाही. घासून बघितलं, पाण्यानं धुऊन बघितलं, एका कोपऱ्यात पातळ ॲसिड लावून चोरून बघितलं. रेघा जिथल्या तिथे.

ही चूक माझी आहे. तांबूस-तपकिरी रंग मिसळलेला शंभर मिलिमीटर जाडीचा स्लॅब ओतून झाला आणि संध्याकाळी वारा सुटला. ओल उडून जाईल या भीतीनं मी वर प्लास्टिकचा कागद अंथरायला सांगितलं. साध्या करड्या स्लॅबवर वर्षानुवर्षं हेच केलेलं, त्यामुळे सवयीनं तोंडातून तेच निघालं. कागद रात्रभर वाऱ्यानं फडफडत राहिला. कुठे चिकटला, कुठे फुगून वर राहिला. चिकटला तिथे ओल दबून राहिली. फुगला तिथे वाफ धरली, तिचे थेंब झाले, ते घड्यांमधून ओघळले. सिमेंट सगळीकडे एकसारखं मुरलं नाही, म्हणून रंगही एकसारखा उतरला नाही. सकाळी कागद काढला तर त्याची घडी न घडी जमिनीवर उमटलेली.

"अगं, हे घासून जाईल ना?" काकूंनी विचारलं.

"वाळलं की फिकं पडेल," मी म्हटलं. पडणार नाही हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

आमच्या धंद्यात या कामाला डेकोरेटिव्ह काँक्रीट म्हणतात. काही जण मराठीत 'शोभेचं काँक्रीट' म्हणतात आणि तो शब्द मला खुपतो. आधी काँक्रीट करायचं आणि मग त्यावर शोभा चढवायची, असा क्रम त्यानं डोक्यात बसतो. मग लोक स्लॅब ओतून झाल्यावर मोबाइलमधला फोटो दाखवतात आणि म्हणतात, "आता याला जरा असं करून द्या." असं करून द्यायची वेळ गेलेली असते. हे काम निम्मं ट्रक यायच्या आधी ठरतं आणि उरलेलं पुढच्या पाच-सहा तासांत. त्यानंतर आपल्या हातात काही उरत असेल तर घासणं, रंगवणं आणि माफी मागणं.

रंगाचंच बघा. सिमेंट करडं असतं ते मुख्यतः त्यातल्या लोहामुळे. लोह अगदी कमी असलेला कच्चा माल निवडला की पांढरं सिमेंट मिळतं. आणि गंमत अशी की त्याला रंग द्यायला आपण पुन्हा लोहच घालतो. लाल, पिवळा, काळा हे सगळे आयर्न ऑक्साइडचे प्रकार, आणि तपकिरी म्हणजे त्यांचं मिश्रण. हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड, निळ्यासाठी कोबाल्ट. हे रंग उन्हात टिकतात, सिमेंटच्या अल्कलीत मरत नाहीत. प्रमाण सिमेंटच्या वजनावर धरायचं. पाच-सहा टक्क्यांच्या पुढे कितीही भुकटी ओतली तरी रंग फारसा गडद होत नाही. दहा टक्क्यांच्या वर तर जायचंच नाही, कारण तेवढी बारीक भुकटी पाणी मागते आणि काँक्रीट कमजोर होतं. गडद लाल पाहिजे म्हणून दुप्पट रंग टाकायला सांगणारे आर्किटेक्ट मला भेटलेत. त्यांना मी पांढऱ्या सिमेंटची आठवण करून देते. करड्या सिमेंटवर रंग नेहमी थोडा मळकाच दिसतो, त्याला इलाज नाही.

पण रंगाचा खरा शत्रू पाणी. पाणी जास्त झालं की रंग फिका पडतो. एका हॉलच्या जमिनीसाठी दोन ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे फिरत्या ड्रममधून काँक्रीट आणणारे ट्रक, मागवले होते. पहिला वेळेवर आला, माल छान होता. दुसरा वाटेत अडकला आणि पाऊण तास उशिरा पोचला. तोवर माल घट्ट झालेला. पंपवाला कुरकुरायला लागला आणि मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला लेव्हल बघत असताना कुणीतरी ड्रममध्ये पाइप सोडला. किती पाणी गेलं, कुणीच सांगेना. "थोडंसंच, मॅडम." त्या थोडंशाची रेघ आजही हॉलच्या मधोमध आडवी गेलेली आहे. अलीकडे एक रंग, पलीकडे दुसरा, जशी एक वीट नवी आणि शेजारची जुनी. ताकदीचे रिपोर्ट दोन्हीकडचे उत्तम आले. साध्या कामात ही गोष्ट कुणाच्या लक्षातसुद्धा आली नसती. रंगीत कामात गाडीवाल्यापासून पंपवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या हाताची नोंद जमिनीवर राहते. तेव्हापासून माझा नियम आहे: गाडी आली की ड्रायव्हरशेजारी मी उभी राहते. लेव्हल दुसरं कुणी बघेल.

आता ठशांच्या कामाबद्दल, म्हणजे स्टॅम्पिंगबद्दल. ओल्या स्लॅबवर साचे दाबून दगडी फरशी, विटा, लाकडी फळ्या यांचा भास उमटवायचा. कॅलिफोर्नियात ब्रॅड बोमन यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र वापरात आणलं. सुरुवातीचे साचे नुसत्या रेघा कापायचे, दगडाचा खडबडीतपणा त्यात नव्हता. पोत उमटवणाऱ्या रबरासारख्या पॉलियुरेथेनच्या चटया नंतर आल्या.

मला हे काम आवडतं पण त्याचा परिणाम फारसा आवडत नाही, हे आधीच कबूल करते. सहा चटया घेऊन तुम्ही अंगण भरता तेव्हा एकाच 'दगडा'ची एकच चीर ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येते. एकदा डोळ्याला ती सापडली की दुसरं काही दिसत नाही. चटया फिरवत राहिलं, उलटसुलट लावलं तर जरा झाकलं जातं. पण काँक्रीटनं दगडाची नक्कल का करावी, हा प्रश्न मनातून जात नाही. तरीही ते दोन-तीन तास जे काही चालतं, ते बघण्यासारखं असतं.

आधी स्लॅब ओतून सपाट करायचा. मग वर सुटलेलं पाणी उडून जायची वाट बघायची. हे पाणी असताना रंधा फिरवला की वरचा थर कमकुवत होतो आणि पुढे पापुद्रे निघतात. पाणी गेलं की रंगीत हार्डनरची, म्हणजे वरचा थर रंगवून कडक करणारी भुकटी हातानं फेकायची, दोन हप्त्यांत. पहिल्यात दोन-तृतीयांश, मग लाकडी रंधा, मग उरलेली, पुन्हा रंधा. भुकटी फेकणं ही कला आहे. मनगटातून झटका द्यावा लागतो, नाहीतर ढीग पडतात. आमच्या मिस्त्रींची पोरं पेरणी करावी तशी फेकतात, तरी पहिल्या दोन मुठी नेहमी बाद.

त्यानंतर मिस्त्री उकिडवे बसतात आणि अंगठा दाबतात. दहा मिनिटांनी पुन्हा दाबतात. अंगठा साधारण पाच मिलिमीटर आत जावा, ठसा स्वच्छ राहावा, कडा ढासळू नयेत आणि अंगठ्याला पाणी लागू नये. तेव्हाच चटया टाकायच्या. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर काम केलं तेव्हा मी पुस्तकात वाचलेले तास सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं घड्याळ त्याला माहीत नाही."

त्या दिवशी अर्ध्या अंगणावर भिंतीची सावली होती, अर्ध्यावर कडक ऊन. माझ्या आराखड्यात सुरुवात दारापासून होती आणि दार सावलीत. मिस्त्रींनी दोन्हीकडे अंगठा दाबला आणि चटया उचलून थेट उन्हाच्या टोकाला नेल्या. बरोबर होतं. उन्हातला भाग सावलीतल्यापेक्षा तासभर पुढे गेला होता. दोरी ताणली, चटया ओळीनं टाकल्या, वर रिलीज पावडर उडवली. ही पावडर चटई चिकटू देत नाही आणि खाचांत बसून जुन्या दगडासारखी गडद छटाही देते. तिचं पीठ उडतं ते विचारू नका, सगळ्यांच्या भुवया करड्या झाल्या होत्या. एक माणूस चटईवर उभा राहून धुम्मस मारतोय, दुसरा मागची चटई सोडवून पुढे देतोय, तिसरा कडेला मऊ चटई वाकवून हातानं दाबतोय. बोलायला कुणाला फुरसत नव्हती.

एवढं करूनही उन्हातल्या टोकाची भिंतीलगतची शेवटची ओळ हुकली. तिथे काँक्रीट आधीच धरलेलं होतं. धुम्मस मारली तरी नुसता ठकठक आवाज, उमटत काही नाही. मिस्त्रींनी चटई बाजूला ठेवली, छिन्नी आणि छोटी थापी घेतली आणि गुडघ्यावर बसून सांध्याच्या रेघा एकेक करून हातानं ओढल्या. किंचित वाकड्या, कुठे खोल, कुठे उथळ. दुसऱ्या दिवशी पावडर धुतली तेव्हा सगळ्या अंगणात तीच ओळ खरी वाटत होती. पाहुणे आले की त्याच कडेला बसतात, का ते त्यांना सांगता येत नाही. मी सांगते, तर विश्वास बसत नाही.

सांध्यांवरून आठवलं. स्लॅबला चीर पडणार हे गृहीत धरायचं, ती कुठे पडावी एवढंच आपल्या हातात असतं. जाडीच्या चोवीस ते तीस पट अंतरावर कट मारायचा. म्हणजे शंभर मिलिमीटरच्या स्लॅबला अडीच-तीन मीटरवर, आणि खोली जाडीच्या किमान चौथा भाग. ठशांच्या कामात हा सरळ कट डिझाइनच्या मधून जातो म्हणून लोक तो नको म्हणतात. नको म्हटलं की स्लॅब स्वतःच मारतो, आणि तो काही दोरी ताणून मारत नाही. कट नक्षीच्या सांध्यात बसवता येतो, पण त्यासाठी पहिली चटई कुठे टाकायची हे कटावरून ठरवावं लागतं. उलट क्रमानं नाही.

माझं खरं प्रेम मात्र वेगळ्या प्रकारावर आहे: काहीही न लावलेलं, शटरिंगमधून निघालं तसं ठेवलेलं काँक्रीट. यात शोभा सगळी साच्यातून येते, म्हणून साचा करणारा सुतार हाच खरा कारागीर. लंडनच्या नॅशनल थिएटरच्या भिंतींवर 1976 पासून लाकडी फळ्यांची रेषा न् रेषा दिसते आहे. त्याआधी, 1952 मध्ये पूर्ण झालेल्या मार्सेच्या 'युनिते दाबितासिओं' इमारतीत वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी फळ्यांचे ओबडधोबड ठसे गिलावा न करता तसेच ठेवले. 'कच्चं काँक्रीट' ही फ्रेंच कल्पना तिथून जगभर गेली, आणि तिच्या नावाखाली पुष्कळ आळशी कामंही खपली, हेही खरं. काम हुकलं की 'हे ब्रुटल आहे', म्हणजे मुद्दाम ओबडधोबड ठेवलंय, म्हणायची सोय झाली.

दुसऱ्या टोकाला वास्तुविशारद लुई कान. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटच्या भिंती 1965 च्या. काँक्रीटमध्ये पोझोलानचा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेसारख्या भुकटीचा अंश, त्यामुळे करड्याला किंचित उबदार झाक. साच्याचे प्लायचे तक्ते जिथे जुळतात तिथून गळणारा सिमेंटचा रस लपवत बसण्यापेक्षा त्यांनी त्या सांध्यालाच आकार दिला. साचे बांधणाऱ्या सळयांची भोकं शिशानं बुजवली, पण दिसतील अशीच ठेवली. साचा काढल्यावर भिंतीला घासायचं नाही, भरायचं नाही, रंगवायचं नाही असा दंडक होता. जपानमध्ये तादाओ आंदो यांच्या भिंतीवरही तीच भोकं मोजून मापून येतात. 1989 च्या 'चर्च ऑफ द लाइट'चा फोटो बघताना सगळे समोरचा उजेडाचा क्रूस बघतात. मी भोकं बघते. ती सरळ रेषेत यायची म्हणजे भिंतीची उंची, दाराची जागा, विजेच्या बटणांची जागा हे सगळं साच्याच्या तक्त्याच्या मापात आधी बसवावं लागतं.

हे सगळं वाचून, फोटो भिंतीला लावून मी माझा पहिला उघडा कॉलम केला. गोल नव्हता, साधा चौकोनी, तीन मीटर उंच. नवा फिल्म फेस, म्हणजे गुळगुळीत लेप असलेला प्लाय आणला. सांध्यांना फोमची पट्टी लावली, कारण फटीतून रस गळाला की तिथे खडी उघडी पडते आणि काळपट रेघ उमटते. शटरिंग ऑइल कपड्यानं पुसून पुसून पातळ केलं, जास्त झालं की डाग येतात. माल अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या थरानं ओतला. प्रत्येक थरात निडल, म्हणजे माल बसवणारी थरथरती नळी सोडून दहा-पंधरा सेकंद धरली आणि ती खालच्या थरात थोडी उतरेल हे बघितलं. हवेचे बुडबुडे प्लायला चिकटून राहतात आणि नंतर भोकं दिसतात, म्हणून बाहेरून लाकडी हातोडीनं ठोकतही राहिलो. साचा काढला. गुळगुळीत, थंड, जवळजवळ चमकणारा. दहा-बारा बारीक भोकं होती, तेवढी मला चालतात.

महिन्याभरानं खालच्या बाजूला एक पिवळसर ओघळ दिसला. मग तो तांबडा झाला. गजाला बांधलेल्या तारेचं एक टोक आत वळवायचं राहिलं होतं आणि ते साच्याला टेकून बसलं होतं. बोटाच्या पेराएवढी तार. ओघळ चांगला वीतभर. पॉलिश पेपर, ऑक्झॅलिक ॲसिड, सगळं करून झालं. तारेचं टोक कोरून काढून तिथे जुळता माल भरला, तरी उन्हात तिरकं बघितलं की ठिगळ दिसतं. तेव्हापासून साचा बंद करायच्या आधी मी टॉर्च घेऊन आत बघते आणि बार बाइंडरची पोरं माझी नक्कल करतात. करू देत.

लाकडाबद्दल एक सांगायचं राहिलं. नव्या कोऱ्या फळ्यांत साखर असते आणि ती सिमेंटला पृष्ठभागावर धरू देत नाही. साचा काढला की भुकटी हाताला येते, ठशांची धार जाते. म्हणून नव्या फळ्यांना आधी सिमेंटचं पाणी किंवा चुना लावून, वाळवून, घासून काढायचं. हे मला एका म्हाताऱ्या सुतारानं सांगितलं. तो त्याला 'फळीचं तोंड धुणं' म्हणायचा. शिवाय जुनी फळी आणि नवी फळी पाणी वेगवेगळं पिते, म्हणून एकाच भिंतीत दोन्ही मिसळल्या की पट्टे येतात. पीटर झुम्थोर यांनी तर जर्मनीतल्या ब्रुडर क्लाउस चॅपलसाठी साचा म्हणून 112 झाडांची खोडं उभी केली, भोवती काँक्रीट धुमसून भरलं आणि मग आतली खोडं आग लावून काढली. 2007 चं काम. आतून काळ्या, खोल पन्हाळी उरल्या. असं काही करायला परवानगी कोण देईल, हा विचार बाजूला ठेवला तर मला त्याचा हेवा वाटतो.

साच्यातून निघालेल्या भिंतीला नंतर मारहाण करायचीही रीत आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या आर्ट अँड आर्किटेक्चर बिल्डिंगमध्ये, 1963 साली, पॉल रुडॉल्फ यांनी भिंतींना उभ्या धारा ओतून घेतल्या आणि मग त्या धारा हातोडीनं फोडून आतली खडी उघडी केली. पाण्याचे ओघळ त्या खाचांतून जातात, म्हणून भिंत मळकी होते पण ओघळलेली दिसत नाही. खडी उघडी करायचा नाजूक मार्गही आहे. पृष्ठभागावर रिटार्डर लावायचा, वरचं सिमेंट धरत नाही, दुसऱ्या दिवशी ब्रश आणि पाण्यानं ते धुऊन काढायचं. अमेरिकेत जॉन अर्ली यांच्या स्टुडिओनं यात कमाल केली. विल्मेटच्या, 1953 मध्ये उद्घाटन झालेल्या बहाई मंदिराचा घुमट पांढरं सिमेंट आणि क्वार्ट्झचा आहे. दुरून तो कोरीव लेससारखा दिसतो. स्वित्झर्लंडच्या हेरझोग आणि द म्युरॉन यांनी 1999 मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डच्या वाचनालयावर असाच रिटार्डर छापून चक्क फोटो उमटवले. म्हणजे धुणं तेच, फक्त कुठे धुतलं जाईल हे छापखान्यात ठरलं.

ॲसिड स्टेनबद्दल मी फार बोलत नाही. धातूंचे क्षार आम्लातून लावायचे, ते काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावतात आणि ढगाळ तपकिरी, निळसर-हिरवे डाग उमटतात. कुठे किती, हे आधी सांगता येत नाही. ज्याला सगळीकडे एकसारखा रंग हवा त्यानं याच्या वाटेला जाऊ नये. ज्याला चालतं त्याला मी आनंदानं करून देते, कारण यात माझ्या चुका खपतात.

पॉलिशमध्ये खपत नाहीत. हिऱ्याची चाकं जाड दाण्याकडून बारीक दाण्याकडे, 50, 100, 200, 400 करत 3000 पर्यंत नेतात. मधे सिलिकेटचं द्रावण मारतात, ते मोकळ्या चुन्याशी मिळून पृष्ठभाग घट्ट करतं. पण मशीन उंचवट्याला जास्त खातं आणि खोलगटाला सोडतं. म्हणून जमिनीत दोन मिलिमीटरची लाट असली तरी एकीकडे मोठी खडी उघडी पडते आणि शेजारी नुसती साय राहते. एका ऑफिसच्या जमिनीवर पॉलिशनंतर बुटांचे ठसे निघाले होते. ओतताना कुणीतरी ओल्या मालात चालला आणि ठसे नंतर बुजवले, वरून काहीच दिसत नव्हतं. घासल्यावर प्रत्येक पावलाच्या जागी खडीच नाही, नुसता रस. आठ पावलं, दाराकडून खिडकीकडे. मालकांनी ती ठेवायला सांगितली. मला वाटलं होतं ते भांडतील.

भांडणं बहुतेक नमुन्यावरून होतात. काम सुरू करायच्या आधी मीटर बाय मीटरचा पॅनल करून दाखवायचा, त्यावर मालकांनी सही करायची. पण नमुना करतो सगळ्यात चांगला मिस्त्री, सावलीत, सकाळच्या वेळी, घमेल्यानं माल कालवून. मग प्रत्यक्ष काम ट्रकच्या मालात, दुपारी, आठ माणसं मिळून करतात. मग तो नमुना आणि हे काम कसं जुळणार? मी आता नमुना ट्रकच्या मालातच करते, कामावर असतील त्याच माणसांकडून, आणि एक नाही, तीन करते. तिन्ही थोडे वेगळे निघतात. ग्राहकाला सांगते, तुमचं काम या तिघांच्या मधे कुठेतरी असेल. काही जण तिथेच मागे फिरतात. बरं होतं.

नमुना जपूनही ठेवायचा, कारण रंग वर्षभर बदलत राहतो. स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, असलेल्या सिमेंटची भिंत साचा काढल्यावर निळसर-हिरवी दिसते आणि ग्राहक घाबरून फोन करतात. हवा लागली की ते आपोआप जातं. पांढरी बुरशीसारखी फुलं येतात ती वेगळी: आतला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतं. गडद रंगावर ते फार उठून दिसतं. वर सीलर, म्हणजे संरक्षक लेप, मारला आणि ओल आतच अडकली तर सीलरच दुधाळ होतो, म्हणून पूर्ण वाळल्याशिवाय मारायचा नाही. आणि अंगणात चकचकीत सीलर तर अजिबात मारायचा नाही, पहिल्या पावसात कुणीतरी घसरतं. यावर मी कुणाचंही ऐकत नाही.

काकूंच्या सुरकुतीवर मी वरून जाड रंगाचा थर द्यायची तयारी दाखवली होती. त्यांनी नको म्हटलं. "दोन वर्षांत सोलेल ना ते?" मी हो म्हटलं. निदान यावेळी खरं बोलले. मग त्यांनी त्या पॅनलवर मातीची मोठी कुंडी ठेवली, जास्वंदीची, आणि विषय मिटला.

परवा त्यांचा फोन आला. पलीकडच्या भिंतीचं काम काढलंय, कुंडी हलवायची होती. हलवली तर खाली तळाच्या आकाराचं पांढरं कडं उमटलंय, आणि त्या कड्याच्या आत सुरकुती आता पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसते.

"अगं, हे तरी घासून जाईल ना?"

कडं जाईल, मी म्हटलं. रविवारी ब्रश घेऊन येते.